फाटक्या आवाजाचा ताळेबंद

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं बसलेल्या माणसाचे कान तयार झालेले असतात. "जरा पासबुक भरून देता का?" या मंद्र सप्तकापासून "तुमच्या मॅनेजरला बोलवा!" या तार सप्तकापर्यंतचे सगळे सूर त्याला डोळे मिटून ओळखता येतात. एवढी तयारी सोडली तर माझा नि संगीताचा काही संबंध नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या कॉलेजात 'साउंड' हा शब्द 'साउंड फायनान्स'मध्येच यायचा, आणि 'नोट' म्हटलं की माझा हात अजूनही आधी ओल्या स्पंजच्या डबीकडे जातो.

त्यामुळे आमची कन्या एका रात्री जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मला अ‍ॅम्प हवाय," तेव्हा मी आमटीचा भुरका अर्धवट सोडून म्हणालो, "आपल्या मीटरला किती अ‍ॅम्प चालतात ते वायरमनला विचारावं लागेल."

"तो अ‍ॅम्प नाही हो बाबा. अ‍ॅम्प्लिफायर! गिटारचा!"

गिटार घरात आली होती ती हिच्या भावाकडून. मामाने भाचीला दिलेली भेट घोड्यासारखी असते. घोडा मामा देतो, हरभरे बापाने घालायचे. त्यातून ही गिटार विजेवरची. साध्या गिटारीला निदान पोट तरी असतं. या गिटारीला पोटच नाही, नुसती रंगवलेली फळी. नुसती वाजवली तर कंपासपेटीला रबर बँड लावून छेडल्यासारखी टिकटिक करते. तिला कंठ फुटायचा तर अ‍ॅम्प लागतो. आणि कन्येने, अकरावीचा अभ्यास सांभाळून (असं तिचं म्हणणं), चार मिनिटांची एक चाल स्वतः रचली होती. ती तिला घरच्या घरी रेकॉर्ड करायची होती.

आता आमचं घर. डोंबिवलीतली जुनी इमारत, दुसरा मजला, दोन खोल्या नि स्वयंपाकघर. भिंती अशा की, शेजारच्यांनी पानाला चुना लावला तरी आम्हाला कळतं. आणि आमच्या बरोबर खाली निवृत्त हेडमास्तर राहतात. सगळी इमारत त्यांना मास्तरच म्हणते. त्यांना २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम पाठ आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. हा कागद त्यांनी जिन्याखालच्या सूचनाफलकावर गणपतीच्या आरतीच्या वेळापत्रकाशेजारी लावून ठेवला आहे. अशा माणसाच्या डोक्यावर मी विजेची गिटार वाजवू द्यायची म्हणजे धोतरात विंचू सोडण्यासारखंच होतं.

कर्ज देण्यापूर्वी बँक अर्जदाराची पार्श्वभूमी तपासते. त्या सवयीने मी अ‍ॅम्पची कुंडली मांडायला घेतली. गेले तीन महिने जेवणानंतरचा सगळा वेळ मी त्यात घालवला, आणि आज मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो की, एकही सूर न लागणाऱ्या माणसांत माझ्याइतका जाणकार डोंबिवली ते ठाणे पट्ट्यात दुसरा नसेल.

तर या इतिहासाची सुरुवात एका तक्रारीने होते. "माझं कुणाला ऐकूच येत नाही" ही ती तक्रार.

अमेरिकेत १९२०च्या दशकात नाचगाण्याचे ताफे वाढत चालले होते. त्यात तुताऱ्या, सॅक्सोफोन, ढोल यांची अशी गर्दी की, बिचारा गिटारवाला त्यात कोपऱ्यात बसून जीव तोडून वाजवायचा नि पहिल्या रांगेलासुद्धा त्याची फक्त हलणारी बोटं दिसायची. स्टाफ मीटिंगमध्ये कारकुनाचं असतं तसंच. जॉर्ज बोशां नावाच्या अशाच एका गिटारवाल्याने अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्याबरोबर १९३१ साली एक युक्ती जमवली. पोलादी तारांजवळ लोहचुंबक नि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. तार हलली की वेटोळ्यात विजेची बारीकशी लहर उठते. ती लहर अ‍ॅम्पमध्ये घालून मोठी करायची नि स्पीकरमधून बाहेर काढायची. ही गिटार अ‍ॅल्युमिनियमची, गोल पोटाची नि लांब दांड्याची होती. लोकांनी तिचं नाव 'तवा' ठेवलं. १९३२ पासून हा तवा बाजारात मिळू लागला.

हा तवा मांडीवर आडवा ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवायचा. म्हणजे आपली हवाईयन गिटार! आमच्या वडिलांकडे व्हॅन शिप्ले यांनी गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांची कॅसेट होती. दर रविवारी सकाळी ती लागायची आणि ती संपेपर्यंत घरात कुणी भांडत नसे. विजेच्या गिटारीचं नि आपलं नातं तसं जुनंच म्हणायचं.

यानंतर या इतिहासात जो माणूस येतो त्याचं नाव वाचून मी खुर्चीतून उठलो आणि हिला हाक मारली. त्याचं नाव लिओ फेंडर. जन्म १९०९, कॅलिफोर्निया. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या गिटारी नि अ‍ॅम्प यांवर ज्याचं नाव आहे तोच हा. आणि हा गृहस्थ शिक्षणाने कोण? हिशेबनीस! कॉलेजात अकाउंटिंग शिकला, बर्फाच्या एका कारखान्यात वह्या लिहिल्या, मग सरकारी महामार्ग खात्यात हिशेब ठेवले. मंदीत ती नोकरी गेली, मग टायरच्या कंपनीतलीही गेली. शेवटी १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टन गावात रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. आमच्या शाखेत आला असता तर "नोकरी नाही, दोनदा कमी केलेला" असा शेरा मारून मीच त्याचा अर्ज परत केला असता. आणि यावर कळस म्हणजे, या माणसाला आयुष्यभर गिटार वाजवता आली नाही!

"बघ," मी हिला म्हणालो, "वाजवता न येणारा हिशेबनीस काय करू शकतो!"

"त्याने निदान दुकान तरी काढलं," ही म्हणाली नि कुकर लावायला गेली.

दुकानात दुरुस्तीला येणारे वादक आपली गाऱ्हाणी सांगायचे आणि फेंडर ती वहीत उतरवल्यासारखी ऐकून घ्यायचा. कुठली वायर तुटते, कुठला खटका अडकतो, हे त्याला वादकांपेक्षा जास्त माहीत. त्यातून त्याचे अ‍ॅम्प घडले. १९४८ पासून त्याने शिकाऊ पोरांसाठी एक अगदी छोटा अ‍ॅम्प काढला. पुढे त्याचंच नाव 'चॅम्प' पडलं. शेंगदाण्याच्या पत्र्याच्या डब्याहून थोडा मोठा, ताकद जेमतेम पाच वॉट आणि बाहेर बटण एकच, आवाजाचं. त्यात जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह. सुरू केले की आधी लाल होतात, मग तापतात नि मगच कामाला लागतात. आमचे हेडकॅशियर चहा झाल्यावर लागतात तसे. पुढे १९६५ साली सीबीएस कंपनीने फेंडरचा सगळा कारभार १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतला. सहाशे डॉलरवर हा परतावा! मुदत ठेवीचा दर सांगताना ही गोष्ट मी गिऱ्हाइकाला चुकूनही सांगत नाही.

आता खरी गंमत. फेंडरसारख्या माणसाला हवा होता स्वच्छ आवाज. हिशेबनिसाला खाडाखोड चालत नाही. पण व्हॉल्व्हवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकला की, आवाज फाटतो. गणपतीच्या मंडपात शेवटच्या दिवशी कर्णा फाटतो तसा. पण कर्णा फाटला की आपण कानात बोटं घालतो आणि गिटार फाटली की तिकडे लोक उठून नाचायला लागले. व्हॉल्व्हचं फाटणं एकदम नसतं, हळूहळू असतं. लहरीचे शेंडे तो कापतो, पण कात्रीने नव्हे, कानशीने घासल्यासारखे. त्यामुळे मूळ सुरात आणखी चार सूर मिसळतात आणि बारीक टिकटिक करणारी तार घसा भरून आलेल्या माणसासारखी बोलू लागते.

या फाटण्याचा पहिला मोठा मान १९५१ सालच्या 'रॉकेट ८८' या गाण्याला देतात. आयक टर्नरचा ताफा मेम्फिस शहरी रेकॉर्डिंगला चालला होता. वाटेत गिटारवाल्याचा अ‍ॅम्प बिघडला. कुणी म्हणतं गाडीवरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. स्पीकरचा कागद फाटलेला. दुसरा आणायला वेळ नाही. मग आत कागदाचे बोळे कोंबले नि तसंच वाजवलं. जो भुरभुरणारा, जाडाभरडा आवाज निघाला तो तसाच ठेवला. त्या गाण्याला पुष्कळ जण आज रॉक संगीताच्या पहिल्या गाण्यांत धरतात. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या पोराने तर अपघाताची वाटही पाहिली नाही. आपल्या छोट्या, स्वस्तातल्या अ‍ॅम्पच्या स्पीकरला त्याने दाढीच्या पात्याने चिरा दिल्या. त्या आवाजात 'यू रिअली गॉट मी' हे गाणं निघालं नि ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच्या वडिलांचं काय झालं असेल, हा विचार करत मी त्या रात्री घरातली पाती कपाटात वर ठेवली.

त्यानंतर मात्र सगळ्या जगाला मोठेपणाचं वेड लागलं. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल हा ढोलवादक वाद्यांचं दुकान चालवी. फेंडरचे अ‍ॅम्प अमेरिकेतून आणणं महाग पडे, म्हणून १९६२ साली त्याच्या दुकानात फेंडरच्याच एका अ‍ॅम्पच्या धर्तीवर अ‍ॅम्प बनवायला सुरुवात झाली. गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणखी मोठा! 'द हू' या ताफ्याच्या पीट टाऊनशेंडला १९६५ च्या सुमारास शंभर वॉट हवे झाले आणि एकाच खोक्यात आठ स्पीकर. ते कपाट उचलता उचलता हमाल मेटाकुटीला आले, तेव्हा मार्शलने त्याची दोन खोकी करून एकावर एक ठेवली. मागे कपाटं रचून पुढे केस उडवणारा गिटारवाला जो आपण चित्रात बघतो, त्यातली एकावर एक कपाटं हमालांच्या कंबरदुखीतून आलेली आहेत. पुढे ३१ मे १९७६ रोजी याच ताफ्याचा लंडनमध्ये चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर कार्यक्रम झाला. तिथे स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला आणि तो गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात गेला. आमचे मास्तर १९७६ साली लंडनला नव्हते, हे इंग्लंडचं नशीब.

इतका इतिहास डोक्यात भरून मी कन्येला घेऊन धोबीतलावला वाद्यांच्या एका दुकानात गेलो. माझा हिशेब सरळ होता. शंभर वॉटवाले मोठमोठ्या मैदानांवर वाजवतात. आम्ही पाच वॉटचा घेऊ, म्हणजे वीस पटीने हळू. विक्रेत्या पोराने एक पाच वॉटचा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प काढला, बटण शेवटपर्यंत फिरवलं नि तारांवर हात मारला. माझा चष्मा नाकावरून घसरला. बाहेरच्या उसाच्या रसवाल्याने आत डोकावून पाहिलं.

"हे पाच?" मी विचारलं.

"पाचच, काका."

तेव्हा मला कळलं की, कानाचं गणित निराळं असतं. वॉट दहापट केले की, आवाज कानाला जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे पन्नास वॉटचा अ‍ॅम्प हा पाच वॉटवाल्याच्या फक्त दुप्पट मोठा. वेतनकराराच्या बाबतीत हा नियम प्रत्येक बँक कर्मचाऱ्याला ठाऊक असतो. तो वाद्यांनाही लागू आहे हे ठाऊक नव्हतं. पाच वॉट पूर्ण सोडले तर एक मीटरवर शंभर डेसिबलच्या आसपास आवाज होतो. मास्तरांच्या कागदावर ५५.

"मग बटण कमी करा की," मी म्हणालो.

पोराने बटण कमी केलं आणि आवाज सभ्य झाला. कन्येचा चेहरा मात्र उतरला. कारण जो घसा भरून आलेला आवाज तिला हवा होता, तो व्हॉल्व्हवर भार पडल्याशिवाय येत नाही. हळू वाजवलं की फेंडरचा स्वच्छ हिशेब. फाटायला हवं तर शंभर डेसिबल. खोकला हवा पण घसा बसायला नको, असा हा प्रकार. दुकानातून आम्ही नुसतेच परत आलो. लोकलमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी इतिहासाचा दुसरा भाग कुठून सुरू होतो याचा विचार करत होतो.

दुसरा भाग सुरू होतो तो एका तळघरात. टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर दिवसा पोलरॉइड या कॅमेऱ्यांच्या कंपनीत नोकरी करी नि रात्री घरच्या तळघरात एकेक वाद्य स्वतः वाजवून टेप करी. रेकॉर्ड कंपनीला त्याची गाणी आवडली, पण तिने हट्ट धरला की, सगळं पुन्हा मोठ्या स्टुडिओत रेकॉर्ड व्हायला हवं. तेव्हा त्याने बाकीच्या मंडळींना लॉस एंजेलिसला पाठवून दिलं आणि स्वतः तळघरात बसून जवळजवळ सगळी तबकडी पुरी केली. हेड ऑफिसला एक स्टेटमेंट पाठवायचं आणि शाखेत आपल्या पद्धतीने काम चालू ठेवायचं, ही आमची परंपरा इतकी दूरवर पोचली आहे याचा मला अभिमान वाटला. 'बॉस्टन' या नावाची ती तबकडी १९७६ साली निघाली नि एकट्या अमेरिकेत तिच्या पावणेदोन कोटींच्या आसपास प्रती गेल्या.

घरात रात्री वाजवणारा माणूस असल्याने शोल्झला शेजाऱ्यांचं दुःख माहीत. १९८० च्या सुमारास त्याने एक पेटी काढली. ती अ‍ॅम्प नि स्पीकर यांच्या मध्ये बसते. अ‍ॅम्पने आत खुशाल गर्जना करावी. ही पेटी त्यातली बरीचशी ताकद उष्णतेत घालवते नि थोडीच पुढे जाऊ देते. आमच्या संघटनेच्या सभेचं कार्य याच तत्त्वावर चालतं. मग १९८२ साली त्याने 'रॉकमन' आणला. कंबरेला अडकवायची, वॉकमनएवढी डबी. गिटार हिच्यात, कानात हेडफोन. अ‍ॅम्प नाही, स्पीकर नाही, शेजारी नाही. 'डेफ लेपर्ड' या ताफ्याची १९८७ सालची गाजलेली तबकडी 'हिस्टेरिया' हिच्यातल्या गिटारी बऱ्याचशा अशा डबीतूनच गेलेल्या आहेत. नाव ऐकायला बहिऱ्या बिबट्याचं, पण शेजारधर्म पाळणारं.

इथून सगळं वारं फिरलं. पन्नास वर्षं लोक अ‍ॅम्प मोठा करत होते. आता मोठ्या अ‍ॅम्पची नक्कल छोट्या डबीत बसवू लागले. नुसती गिटार थेट टेपला जोडली तर ती पत्र्याच्या डब्यात चिलटं कोंडल्यासारखी वाजते. कारण गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज गिळून टाकतो आणि ते गिळणंच आपल्या कानाला गोड लागलेलं असतं. म्हणजे नक्कल करायची तर व्हॉल्व्हची, स्पीकरची, खोक्याची नि त्यासमोर ठेवलेल्या मायक्रोफोनचीही करायला हवी. १९८९ साली न्यूयॉर्कच्या टेक २१ कंपनीचा 'सॅन्सअ‍ॅम्प' हेच काम साध्या सर्किटवर करू लागला. १९९८ साली लाइन ६ कंपनीने 'पॉड' आणला. राजम्याच्या मोठ्या दाण्यासारखा लालभडक आणि आत पंधरावीस नामांकित अ‍ॅम्पच्या आकडेमोडीतल्या नकला. २००२ साली 'अ‍ॅम्प्लिट्यूब' आलं नि डबीही गेली, सगळं काँप्युटरच्या पोटात.

आणि आताची तऱ्हा तर ऐकूनच घ्या. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये एक ठरलेला आवाज सोडायचा, पलीकडून काय येतं ते टिपायचं आणि दोन्ही काँप्युटरला दाखवायचं. तो हजारो वेळा गिरवून गिरवून त्या अ‍ॅम्पची वळणं शिकतो. यातला 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' नावाचा प्रोग्रॅम तर चक्क फुकट मिळतो. आमच्याकडे नमुना सहीचं कार्ड असतं. त्यावरून सही हुबेहूब गिरवणाऱ्याला आम्ही पोलिसांच्या स्वाधीन करतो. इथे जगभरची हुशार मंडळी फेंडर नि मार्शलच्या सह्या गिरवत बसली आहेत आणि लोक त्यांना धन्यवाद देत आहेत!

मी वहीत दोन रकाने पाडले. खऱ्या छोट्या अ‍ॅम्पच्या नावे: समोर मायक्रोफोन हवा, तो धरायला स्टँड हवा, खोली शांत हवी नि मास्तर परगावी हवेत. काँप्युटरच्या नावे: काँप्युटर घरात आहेच, गिटारसाठी वेगळी खोबण असलेली, आवाज आत घेणारी एक छोटी पेटी नि बरे हेडफोन घेतले की झालं. काँप्युटर विचार करायला थोडा वेळ घेतो खरा, पण तो उशीर दहा मिलिसेकंदांच्या आत ठेवला तर बोटांना कळत नाही. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेतीन मीटर जातो. म्हणजे अ‍ॅम्पपासून साडेतीन मीटर लांब उभं राहून वाजवल्यासारखं. आमच्या घरात भिंत न फोडता तेवढं लांब उभंच राहता येत नाही. ताळेबंद उघड होता. पेटी नि हेडफोन घरी आले. मास्तरांच्या केसालाही धक्का लागला नाही.

पहिला महिना सुखाचा गेला. एका संध्याकाळी बँकेतून आलो तर कन्येच्या खोलीचं दार लोटलेलं. फटीतून पाहिलं. डोळे मिटलेले, मान हलते आहे, बोटं तारांवर धावताहेत, कपाळावर घामाचे दोन थेंब. आणि आवाज? टिक, टिक, टिक. कंपासपेटीला लावलेलं रबर बँड. तिच्या कानात बहुधा शंभर वॉटची कपाटं गरजत होती, पण त्यातलं एक अक्षर या घरात नव्हतं. मी दोनदा हाक मारली. तिला ऐकू आली नाही. तिसऱ्यांदा मारलीच नाही.

बाहेर येऊन बसलो नि ध्यानात आलं की, महिनाभर आम्ही असेच राहत होतो. पूर्वी ती चुकत वाजवायची तेव्हा निदान कुठे चुकते ते कळायचं, मी काहीतरी बोलायचो, ती चिडायची. आता चिडायलाही कारण उरलं नव्हतं. ती चाल तिने जवळपास पुरी केली असेल. मी तिचा एक सूरही ऐकला नव्हता. ज्या टाऊनशेंडच्या शंभर वॉटवर मी हसलो होतो, त्याने पुढे सांगितलं होतं की, आपले कान रंगमंचावरच्या त्या कपाटांनी नाही, स्टुडिओतल्या हेडफोननी बिघडले. पण मला त्याहून मोठी चूक दिसत होती. सगळा इतिहास "माझं कुणाला ऐकू येत नाही" या तक्रारीपासून निघाला होता. नव्वद वर्षं, व्हॉल्व्ह, कपाटं, डब्या, काँप्युटर, इतकं सगळं ओलांडून मी पैसे मोजून मुलीसाठी काय आणलं होतं? कुणाला ऐकू न येणारी गिटार!

वहीतल्या दोन रकान्यांत हा खर्च कुठेच धरला नव्हता.

त्या रात्री मी हिला हे सांगितलं. "अहो, मग एखादा छोटा डबाच आणा ना," ही म्हणाली, "रात्री कानात घालेल, संध्याकाळी आपल्यालाही ऐकवेल. एवढं वाचलंत नि हे नाही सुचलं?"

सुचण्याचा प्रश्नच नव्हता, तो डबा इतिहासातच बसलेला होता. २०११ साली यामाहाने 'टीएचआर' नावाचा टेबलावर ठेवायचा अ‍ॅम्प काढला, रंगमंचासाठी नव्हे, मुद्दाम घरासाठी. २०१६ सालच्या बॉसच्या 'कटाना'त तर अर्ध्या वॉटवर आणायचं बटण आहे. असल्या डब्यांत नकलाही असतात, काँप्युटरला जोडायची वायरही लागते, हेडफोनची खोबणही असते आणि मुख्य म्हणजे खराखुरा स्पीकर असतो. आवाज बोलण्याइतका ठेवला तरी तो घसा भरून आलेलाच राहतो. मी असाच एक डबा आणला, आणि तो घेऊन आधी खालच्या मजल्यावर गेलो.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला नि कागद मागितला. करार असा झाला: वेळ संध्याकाळी सात ते साडेसात, दाराबाहेर ५५ च्या वर नाही, परीक्षेच्या काळात बंद. खाली दोघांच्या सह्या. मी त्यांची सही नमुन्याशी ताडून पाहिली नाही, एवढाच काय तो ढिलेपणा.

शनिवारी कन्येने डब्यासमोर मायक्रोफोन ठेवला. वायर असताना मायक्रोफोन कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "खोलीचा पण आवाज येऊ दे ना, बाबा." आम्ही दोघं पलंगाच्या कडेला श्वास धरून बसलो. तिने सुरुवात केली. संगीतातलं मला काही कळत नाही हे मी आधीच सांगितलं आहे. पण मधे एका ठिकाणी ती चाल वर जाता जाता थांबते नि मग वडिलांच्या रविवारच्या कॅसेटमधल्यासारखी घसरत खाली येते. ती कॅसेट कन्येने कधी ऐकलेली नाही. तिसऱ्या मिनिटाला स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ही तोंडावर हात ठेवून उठली. कन्या मात्र थांबली नाही, आणि नंतर ऐकून झाल्यावर "राहू दे ती, छान वाटतेय" म्हणाली. मी तिला मेम्फिसच्या फाटक्या स्पीकरची गोष्ट सांगितली. तिला ती आधीच माहीत होती.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. बाहेर मास्तर. हातात घड्याळ.

"सात एकतीस झाले," ते म्हणाले.

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"ते राहू द्या. तिला शेवटचा तुकडा पुन्हा वाजवायला सांगा. खालून रिक्षा गेली हो, नीट ऐकूच आला नाही."